ड्रोन घेताना: कॅमेऱ्याआधी कागद पाहा

लग्नसराईत वऱ्हाडाच्या डोक्यावर घोंघावणारा ड्रोन, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावरची गर्दी वरून टिपणारा ड्रोन, द्राक्षबागेवर औषध फवारणारा ड्रोन. सोलापूरकरांना या यंत्राचे अप्रूप आता फारसे उरलेले नाही. दहा वर्षांपूर्वी ज्याच्याभोवती मुले गोळा होत, तो ड्रोन आज छायाचित्रकाराच्या बॅगेतील एक नेहमीची वस्तू झाला आहे. वाढदिवसाची भेट म्हणून किंवा प्रवासाची हौस म्हणूनही तो घेतला जातो.

दुकानात गेलेला ग्राहक कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती मिनिटे चालते, ड्रोन किती लांब जातो, एवढे आवर्जून विचारतो. या यंत्राची सरकारदरबारी नोंदणी होईल काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक तोच पहिला प्रश्न असावयास हवा. गेल्या दहा-बारा वर्षांत ड्रोनविषयीचे नियम इतक्या वेळा बदलले आहेत की, विक्रेत्याने सांगितलेली माहिती त्याच्या परीने खरी असली, तरी ती रद्द झालेल्या नियमातली असू शकते. त्यातच २०२५ पासून सोलापूरचे आकाशही बदलले आहे. होटगी रोडवरील विमानतळावरून प्रवासी विमाने नियमितपणे ये-जा करू लागली आहेत. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या एखाद्या चित्रफितीत पाहिलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडेल, असे समजता येणार नाही.

बंदीपासून नियमावलीपर्यंत

भारतात ड्रोनच्या नियमांची सुरुवात बंदीने झाली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजेच डीजीसीएने, ७ ऑक्टोबर २०१४ रोजी जाहीर सूचना काढली आणि नियम तयार होईपर्यंत खासगी व्यक्ती व संस्थांनी ड्रोन वापरू नयेत, असे बजावले. गंमत अशी की, त्याच्या पाच वर्षे आधी, डिसेंबर २००९ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात चार पंखांचे उडते यंत्र साऱ्या देशाने कौतुकाने पाहिले होते. ते आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या आयडियाफोर्ज या कंपनीचे होते. लोकांना यंत्र आवडले होते, कायदा मात्र तयार नव्हता. बंदी कागदावर राहिली आणि लग्नांचे चित्रीकरण चालूच राहिले.

पहिली सविस्तर नियमावली २७ ऑगस्ट २०१८ रोजी जाहीर झाली व १ डिसेंबर २०१८ पासून अमलात आली. 'परवानगी नाही तर उड्डाण नाही' हे तिचे सूत्र होते. ऑनलाइन परवानगी मिळाल्याशिवाय यंत्र जमिनीवरून उठूच नये, अशी रचना तिला अपेक्षित होती. याच नियमावलीत २५० ग्रॅमपर्यंतच्या, पन्नास फुटांच्या आत व अनियंत्रित हवाई क्षेत्रात उडणाऱ्या नॅनो ड्रोनला नोंदणी क्रमांकातून सूट होती. 'छोटा ड्रोन आहे, त्याला काही लागत नाही' हे वाक्य बाजारात आजही ऐकू येते, त्याचे मूळ बहुधा या जुन्या सवलतीत असावे.

जानेवारी २०२० मध्ये केंद्राने ड्रोनधारकांना स्वेच्छेने माहिती देण्याची संधी दिली आणि तसे करणाऱ्यांना पोच क्रमांक मिळाला. १२ मार्च २०२१ रोजी नवी नियमावली आली. ती इतकी जाचक होती की, साडेपाच महिन्यांतच तिच्या जागी 'ड्रोन नियम, २०२१' आणावे लागले. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस आलेल्या या नियमांनी अर्जांची संख्या २५ वरून ५ वर आणि शुल्कांचे प्रकार ७२ वरून ४ वर आणले. पुढे फेब्रुवारी २०२२, सप्टेंबर २०२३ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांत दुरुस्त्या झाल्या. शेवटच्या दोन दुरुस्त्यांनी पारपत्राची अट काढली. आज ड्रोन घेणाऱ्याने जे नियम पाहावयाचे, ते हे.

वजनाचे गणित

सारे नियम यंत्राच्या वजनावर बेतलेले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो, २५ किलोपर्यंतचा लहान, १५० किलोपर्यंतचा मध्यम आणि त्यापुढचा मोठा. हौशी ग्राहकाचा आणि बहुतेक छायाचित्रकारांचा संबंध पहिल्या दोन गटांशीच येतो. शेतीफवारणीचे ड्रोन लहान गटात मोडतात. त्यांना अनुदानाच्या योजना आहेत, कृषी मंत्रालयाची वेगळी कार्यपद्धती आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

नॅनो ड्रोनला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या नमुन्याची सरकारमान्य चाचणी झाल्याचा दाखला लागत नाही. तो उडविण्यासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही सक्तीचा नाही. एवढ्या सवलती असल्यामुळेच परदेशी कंपन्या २४९ ग्रॅमचे ड्रोन बनवितात. तो एक ग्रॅम मुद्दाम राखलेला असतो.

मात्र येथे एक मेख आहे. नियमात वजन म्हणजे उड्डाणाच्या वेळचे संपूर्ण वजन. बॅटरी व वर लावलेले साहित्य त्यात आले. डीजेआय कंपनीच्या मिनी थ्री प्रो या २४९ ग्रॅमच्या ड्रोनला जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी लावली की, वजन २९० ग्रॅमच्या घरात जाते आणि तो मायक्रो गटात जातो. पंखांना संरक्षक जाळी लावली, कॅमेऱ्यावर फिल्टर चढविला, रात्री दिसावा म्हणून दिवा चिकटविला, तरी काटा सरकतो. दुकानदार अनेकदा हे साहित्य 'कॉम्बो' म्हणून एकाच खोक्यात देतो. ग्राहक नॅनो म्हणून घेतो आणि उडवितो मायक्रो. सराफाच्या काट्यावर एकदा वजन करून घेण्यास काहीच हरकत नाही.

नोंदणीबाबत २०२१ च्या नियमांचा मजकूर वाचला तर, २०१८ सारखी नॅनोला सरसकट सूट त्यात लिहिलेली नाही. ड्रोन उडविण्यापूर्वी त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा, असे नियम म्हणतो. शुल्क अवघे १०० रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन आहे. शंभर रुपये वाचविण्यासाठी रद्द झालेल्या नियमाच्या आधारे वाद घालण्यात शहाणपणा नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगावयास हवी. केवळ शिक्षण, संशोधन किंवा छंद म्हणून, नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या यंत्राला नियम 'मॉडेल' म्हणतात आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची अट नाही. सुटे भाग आणून महाविद्यालयाच्या कार्यशाळेत ड्रोन जुळविणाऱ्यांना हा मोठा दिलासा आहे. मात्र त्याच यंत्राने एखाद्या बिल्डरच्या जाहिरातीचे चित्रीकरण केले की, ते मॉडेल राहत नाही.

आयातबंदी आणि बिलाची गोष्ट

ड्रोन खरेदीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तारीख विमान वाहतूक खात्याची नाही, ती विदेश व्यापार महासंचालनालयाची आहे. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी या कार्यालयाने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. पूर्ण तयार स्वरूपातला असो, अर्धवट जुळविलेला असो वा सुट्या भागांच्या पूर्ण संचाच्या रूपातला असो, तिन्ही प्रकारांना मनाई झाली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा या कामांसाठी तेवढा अपवाद ठेवण्यात आला. सुट्या भागांची आयात मात्र मोकळी राहिली. देशात ड्रोन उद्योग उभा राहावा, हा त्यामागचा उद्देश होता.

याचा अर्थ ग्राहकाने नीट समजून घ्यावा. जगभरच्या हौशी ड्रोनच्या बाजारात चीनमधील शेन्झेनच्या डीजेआय कंपनीचा दबदबा आहे. तिचे फेब्रुवारी २०२२ नंतर बाजारात आलेले नमुने भारतात सामान्य ग्राहकासाठी रीतसर आयात होण्याचा मार्गच उरलेला नाही. तरीही ते मिळतात. कोणी नातेवाइकाकरवी दुबईहून आणवितो, कोणी मुंबईच्या बाजारातून उचलतो, कोणी ऑनलाइन मागवितो. प्रवाशाच्या सामानातून आणलेला ड्रोन हीसुद्धा आयातच आहे. विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी तो अडविला, तर शुल्क भरून सुटका होईल, अशी खात्री बाळगता येत नाही; मनाई असलेला माल जप्त होऊ शकतो.

अशा ड्रोनची किंमत पन्नास हजारांपासून लाखापुढे जाते. घेणाऱ्याच्या हाती यंत्र येते आणि ते उत्तम चालतेही. त्याच्या हाती येत नाही तो कागद. वैध बिल नाही, आयातीचा दाखला नाही, म्हणून नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून उड्डाण बेकायदा, आणि विमा कंपनीकडे गेले तरी तेथेही पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचाच. यंत्र बिघडले, तर अधिकृत दुरुस्तीची हमी नाही. तरुण छायाचित्रकारांपैकी अनेकांनी कर्ज काढून किंवा हप्त्यावर असे ड्रोन घेतलेले असतात. एखाद्या लग्नात पोलिसांनी हटकले, तर महिन्याचा हप्ता चालू आणि यंत्र ठाण्यात, अशी त्यांची गत होऊ शकते.

भारतीय पर्याय नाहीत असे नाही. चेन्नईच्या गरुडा एअरोस्पेसने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये महेंद्रसिंह धोनी याच्या उपस्थितीत 'ड्रोणी' हा कॅमेरा ड्रोन सादर केला होता. इतरही काही कंपन्या नॅनो व मायक्रो गटात यंत्रे बनवितात. चित्राची प्रत, स्थिरता आणि सॉफ्टवेअर यांत चिनी ड्रोनशी त्यांची बरोबरी अद्याप झालेली नाही, हे व्यवसायातील मंडळी उघडपणे बोलतात आणि ते खोटे नाही. धोरणाने दार बंद केले, पण घरातले सामान तेवढे तयार नव्हते. ग्राहकाची कोंडी झाली आहे ती येथे. सुट्या भागांना मोकळीक असल्याने भारतात जुळविलेले ड्रोनही बाजारात आहेत. मायक्रो गटातील असा ड्रोन घेताना त्या नमुन्याला टाइप सर्टिफिकेट आहे ना, एवढे डीजीसीएच्या यादीत पाहून घ्यावे. असे पहिले सर्टिफिकेट १४ जून २०२२ रोजी दिले गेले आणि ते शेतीच्या ड्रोनला होते. आजही यादीत फवारणी व सर्वेक्षणाच्या यंत्रांचीच गर्दी आढळते.

कराच्या बाबतीत मात्र ग्राहकाचा फायदा झाला आहे. पूर्वी अंगभूत कॅमेरा असलेल्या ड्रोनवर १८ टक्के आणि वैयक्तिक वापराच्या ड्रोनवर २८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सर्व ड्रोनसाठी ५ टक्के दर ठरविला व तो २२ सप्टेंबरपासून लागू झाला. त्यामुळे 'बिल घेतले तर अठ्ठावीस टक्के जास्त पडतील' हे जुने आमिष आता दाखविता येणार नाही. बिलावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, नमुन्याचे नाव आणि यंत्राचा अनुक्रमांक असावा. हा अनुक्रमांक यंत्रावर असतो, खोक्यावरही असतो. दोन्ही ताडून पाहावेत.

होटगी रोडचे आकाश

आता सोलापूरच्या खास प्रश्नाकडे वळू. ड्रोन नियमांनी देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या व तांबड्या अशा तीन पट्ट्यांत विभागले आहे. त्याचा नकाशा २४ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्राने खुला केला. तो पाहण्यासाठी नावनोंदणी लागत नाही. हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी न घेता उडविता येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत ही मर्यादा २०० फुटांवर येते आणि त्यावर पिवळा पट्टा सुरू होतो. ५ ते ८ किलोमीटरच्या टापूत जमिनीपासूनच पिवळा पट्टा असतो. तेथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. त्याच्याही आत तांबडा पट्टा, जेथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उठवावयाचाच नाही.

हे अंतर विमानतळाच्या मध्यापासून मोजले जात नाही, त्याच्या कुंपणापासून मोजले जाते. सोलापूरचा विमानतळ शहराला जवळजवळ लागून आहे. मजरेवाडी, आसरा चौक, जुळे सोलापूर, विजापूर रोडचा बराच भाग हे सारे कुंपणापासून पाच किलोमीटरच्या हिशेबात येतात. सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला आणि होम मैदान ही मध्यवस्तीही त्याच सीमेच्या आसपास आहे. तेथे आपण उभे आहोत तो बिंदू कोणत्या रंगात येतो, हे नकाशावर बोट ठेवूनच पाहावे. थोडक्यात, जुळे सोलापुरातील घराच्या गच्चीवरून वाढदिवसाच्या केकचे हवाई चित्रीकरण करण्याचा बेत असेल, तर २४९ ग्रॅमचा ड्रोनही कामाचा नाही. वजनाने मिळणारी सवलत प्रमाणपत्रापुरती असते, जागेपुरती नसते. हा फरक न कळल्यामुळे होणारी गफलत सर्वाधिक आहे.

अनेक वर्षे या विमानतळावर नियमित प्रवासी सेवा नव्हती. एखाद्या मंत्र्याचे विमान उतरे, बाकी शांतता. ज्यांनी त्या काळात ड्रोन हाताळावयास सुरुवात केली, त्यांच्या मनात ती शांतता अजून आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ९ जून २०२५ रोजी फ्लाय ९१ कंपनीची गोव्याची सेवा सुरू झाली आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी स्टार एअरने मुंबईची.

या विमानसेवेसाठी सोलापूरने काय मोजले, हे येथील वाचकांना सांगावयास नको. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी उड्डाणाच्या मार्गात अडथळा ठरते म्हणून प्रदीर्घ वाद, आंदोलने व न्यायालयीन लढाई झाली. अखेर १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. या चिमणीची उंची सुमारे ९० मीटर होती. हिरव्या पट्ट्यातील ड्रोनला मिळणारी मर्यादा १२० मीटर आहे. ज्या शहरात ९० मीटरची, एका जागी उभी असलेली, नकाशावर नोंदलेली चिमणी विमानाला धोकादायक ठरली, तेथे विमानतळाजवळ त्याहून उंच, हलते आणि वैमानिकाला न दिसणारे यंत्र काय करू शकेल, याची कल्पना सोलापूरकरांइतकी दुसऱ्या कोणास यावी?

हिशेब साधा आहे. उतरणारे विमान सर्वसाधारणपणे तीन अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे धावपट्टी एक किलोमीटर दूर असताना त्याची उंची साधारण ५० ते ७० मीटर असते, दोन किलोमीटर दूर असताना शंभर-सव्वाशे मीटर. लग्नाचे चित्रीकरण करणारा ड्रोन नेमका याच उंचीवर फिरतो. पक्ष्याचे शरीर मऊ असते. ड्रोनमध्ये धातूच्या मोटारी आणि पेट घेऊ शकणारी लिथियम बॅटरी असते. गोव्याच्या मार्गावर येणारी एटीआर विमाने पंख्यांची आहेत. पंख्यावर असे यंत्र आदळले तर काय होईल, याचा प्रयोग करून पाहण्याची ही जागा नव्हे.

नकाशा एकदा पाहून पुरत नाही. प्रत्येक उड्डाणापूर्वी तो तपासणे नियमानेच बंधनकारक आहे, कारण पट्टे बदलतात. सोलापूर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. शिवाय ड्रोनच्या मोबाइल ॲपमधील नकाशा हा कंपनीचा असतो, सरकारचा नव्हे. ॲपने उड्डाणास मोकळीक दिली म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

यात्रा, वारी आणि पोलीस

हिरव्या पट्ट्यातही आकाश कायम मोकळे असतेच असे नाही. राज्य सरकार किंवा पोलीस एखाद्या भागास तात्पुरता तांबडा पट्टा घोषित करू शकतात. पोलीस अधीक्षक वा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याला हा अधिकार असून, मुदत एका वेळी ९६ तासांपर्यंत असते. गड्डा यात्रेतील अक्षता सोहळा, आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात लोटणारी गर्दी, मंत्र्यांचे दौरे, निवडणुकीच्या सभा अशा वेळी असे आदेश निघू शकतात. त्याखेरीज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश येतात ते वेगळे. शहरासाठी पोलीस आयुक्तालय आणि जिल्ह्यासाठी ग्रामीण पोलीस अधीक्षक, असे दोन स्वतंत्र कार्यक्षेत्र असल्याने चित्रीकरण कोठे आहे, त्यावर कोणाकडे चौकशी करावयाची ते ठरते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात मुंबईत ड्रोन उडविण्यावर पोलिसांनी बंदी घातली होती. तेव्हा कामाच्या तारखा घेऊन बसलेल्या अनेक चित्रीकरणवाल्यांची पंचाईत झाली.

खेड्यांतील वातावरणही ध्यानात घ्यावे. २०२४ मध्ये पुणे, बीड, जालना या जिल्ह्यांत रात्री अनोळखी ड्रोन घिरट्या घालतात, चोर पाहणी करतात, अशा चर्चेने गावेच्या गावे जागी राहिली. त्या भीतीत तथ्य किती, अफवा किती, हा भाग निराळा. पण गावात अंधार पडल्यावर न सांगता ड्रोन उडविणाऱ्याला लोक काय समजतील, हे सांगता येत नाही. सरपंच व पोलीसपाटील यांना आधी कळविणे, हा कोठल्याही नियमात नसलेला पण फार उपयोगी पडणारा उपाय आहे.

काही जागा तर नकाशा हिरवा दाखवीत असला तरी वर्ज्य समजाव्यात. भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील संरक्षित वास्तू आहे; तेथे त्या खात्याची परवानगी लागते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वन विभागाची परवानगी लागते. माळरानावरील पक्ष्यांना आकाशातून येणारी प्रत्येक हालचाल शिकारी पक्ष्याची वाटते. उजनीच्या जलाशयावर रोहित पक्ष्यांचा थवा उडतानाचे दृश्य मिळावे म्हणून ड्रोन अंगावर नेणारे हौशी चित्रकार आहेत. त्या एका दृश्यासाठी दूरवरून आलेल्या पाखरांचे खाणे-विसावणे मोडले जाते. ड्रोनचा याहून वाईट उपयोग क्वचितच असेल.

शेजाऱ्याच्या खिडकीत, गच्चीत डोकावण्याचा मुद्दाही आहेच. स्त्रीचे तिच्या खासगी क्षणी चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. कॅमेरा हातात होता की आकाशात, याने फरक पडत नाही.

व्यवसाय म्हणून वापरणाऱ्यांसाठी

मायक्रो ड्रोन केवळ हौसेसाठी उडविणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्याच ड्रोनने लग्नाचे पैसे घेऊन चित्रीकरण केले की ते लागते. वय १८ ते ६५, किमान दहावी उत्तीर्ण आणि डीजीसीए मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, या अटी आहेत. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. पूर्वी त्यास परवाना म्हणत. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने ते प्रमाणपत्र झाले. सरकारी शुल्क किरकोळ आहे, खर्च होतो तो प्रशिक्षणाचा. संस्था निवडताना ती मान्यताप्राप्त यादीत आहे ना, हे पाहावे. आठवडाअखेरीचे शिबिर घेऊन रंगीत प्रशस्तिपत्र देणाऱ्यांचा कागद येथे चालत नाही.

त्रयस्थ विमा नॅनो सोडून सर्वांना बंधनकारक आहे. मांडवात पाचशे माणसे बसलेली असताना वर एक किलोचे यंत्र फिरविणाऱ्याने तो कायद्यासाठी नव्हे, स्वतःच्या झोपेसाठी घ्यावा. अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत ऑनलाइन कळवावे लागते. नियमभंगासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

लग्नघरानेही थोडी विचारपूस करावयास हरकत नाही. ड्रोनचा आग्रह बहुतेक वेळा वधू-वरांकडील मंडळींचाच असतो आणि पोलीस आले की उत्तरे छायाचित्रकाराला द्यावी लागतात. मंगल कार्यालय होटगी रोडवर असेल, तर ड्रोनचा हट्ट सोडावा. क्रेनवरच्या कॅमेऱ्यानेही वरातीचे चित्र देखणे येते.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा मुद्दा विक्रेते सहसा सांगत नाहीत. बहुतेक हौशी ड्रोनच्या माहितीपत्रकात वापरासाठी ४० अंश सेल्सिअसची कमाल मर्यादा दिलेली असते. येथील एप्रिल-मेची दुपार ती सहज ओलांडते आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. तापलेली बॅटरी फुगते, अर्ध्यातच शक्ती सोडते. उन्हातल्या मोटारीत बॅटऱ्या ठेवू नयेत. उड्डाण सकाळी किंवा सूर्य कलल्यावर करावे.

जुना ड्रोन घेताना

आयातबंदीमुळे जुन्या ड्रोनचा बाजार तेजीत आहे, आणि येथे थोडी आशाही आहे. ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत भारतात आलेल्या, सरकारी पोच क्रमांक व जीएसटीचे बिल असलेल्या ठरावीक ड्रोनना टाइप सर्टिफिकेट नसतानाही ओळख क्रमांक देण्याची तरतूद नियमांत करण्यात आली होती. ज्यांनी त्या वेळी कागद पुरे केले, त्यांचे ड्रोन आज कायदेशीर आहेत आणि ते रीतसर विकताही येतात. हस्तांतराचा अर्ज ऑनलाइन आहे. विक्रेत्याने ओळख क्रमांक दाखविला, यंत्रावरील अनुक्रमांक त्याच्याशी जुळला आणि हस्तांतर आपल्या नावे झाले, तरच पैसे द्यावेत. जुनी मोटारसायकल घेताना आरसी पुस्तक पाहिल्याशिवाय आपण व्यवहार करीत नाही, तसेच हे. पाच वर्षांपूर्वीचा, थोडा कमी स्पष्ट चित्र देणारा पण नोंदणी असलेला ड्रोन हा कागद नसलेल्या कोऱ्या ड्रोनपेक्षा व्यावसायिकाच्या अधिक कामाचा आहे.

ज्यांचा ड्रोन मोडला, हरवला वा विकला गेला, त्यांनी नोंदणी रद्द वा हस्तांतरित करून घ्यावी. आपल्या नावावरचा ड्रोन उद्या दुसऱ्याने पंढरपुरात गर्दीवर पाडला, तर ओळख क्रमांकावरून पहिली विचारणा आपल्याकडेच होणार.

खरेदी लांबणीवर टाकता येत असेल, तर आणखी एका कागदाकडे लक्ष ठेवावे. १६ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राने नागरी ड्रोनविषयीच्या स्वतंत्र कायद्याचा मसुदा जाहीर केला आणि ३० सप्टेंबरपर्यंत हरकती मागविल्या. टाइप सर्टिफिकेट, ओळख क्रमांक व त्रयस्थ विमा यांची सक्ती, अपघातात मृत्यू झाल्यास अडीच लाख व गंभीर दुखापत झाल्यास एक लाख रुपये भरपाई, तसेच काही नियमभंगांसाठी तुरुंगवास अशा तरतुदी त्यात आहेत. २०२१ मध्ये मिळालेली मोकळीक यामुळे आक्रसेल, अशी टीका ड्रोन उद्योगातून झाली. ती रास्तही आहे. पण ग्राहकाच्या दृष्टीने मसुद्यातील एक गोष्ट लक्षणीय आहे. सध्याच्या नियमांत सारा भार मुख्यतः उडविणाऱ्यावर पडतो, तर मसुदा सर्टिफिकेट नसलेला ड्रोन विकणाऱ्यालाही जबाबदार धरू पाहतो. तोपर्यंत खोक्यावरचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक जुळतो काय, हे पाहण्याचे काम काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्यालाच करावे लागणार आहे.